कितीची पॉवर बँक घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पहिली पॉवर बँक २०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-अवर, क्षमतेचा आकडा) होती. मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, इतकाच विचार तेव्हा केला होता. आठ-दहा दिवस ती इमानेइतबारे बॅगेत फिरली. मग खांद्याला बॅग जड लागायला लागली आणि ती कपाटाच्या खणात गेली, ती कायमचीच. ज्या दिवशी भर प्रवासात फोन बंद पडला, त्या दिवशी ती पूर्ण भरलेली होती आणि घरी होती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला, आणि ओळखीच्या लोकांनीही मला त्यावरून विचारायला सुरुवात केली. खालचे प्रश्न साधारण ते विचारतात तसेच घेतले आहेत.

जास्त पाल्हाळ नको. कितीची घेऊ ते सांगा.

रोज संध्याकाळी फोनची बॅटरी संपत असेल तर १०,००० एमएएच. फक्त घरी पोचेपर्यंत फोन चालू राहावा एवढीच अपेक्षा असेल तर ५,०००. लॅपटॉप किंवा टॅबलेटही चार्ज करायचा असेल, किंवा दोन-तीन दिवस प्लग मिळणार नसेल, तर २०,०००. त्यापेक्षा मोठी रोजच्या वापरासाठी सहसा कोणालाच लागत नाही.

माझा फोन ५,०००चा आहे. मग १०,०००ची पॉवर बँक तो दोनदा का भरत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा फसवलं गेल्याचा असतो. फसवणूक नसते, पण आकडा सोयीने निवडलेला असतो हे खरं.

एमएएच हे ऊर्जेचं माप नाही. ते विद्युतभाराचं माप आहे, आणि तो किती व्होल्टला मिळतो हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरत नाही. पॉवर बँकेच्या आतला लिथियम सेल सरासरी ३.७ व्होल्टचा असतो. पुढे छापलेले १०,००० एमएएच या सेलचे असतात. यूएसबी पोर्टमधून मात्र ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त बाहेर येतात. म्हणून हिशेब वॅट-अवरमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या मापात करायचा: १० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-अवर. ही झाली खरी शिल्लक. हीच ऊर्जा ५ व्होल्टला मोजली तर, काहीही वाया गेलं नाही असं धरूनसुद्धा, ७,४०० एमएएच भरते.

आणि वाया तर जातंच. व्होल्ट वाढवणारं आतलं सर्किट साधारण १५ टक्के ऊर्जा उष्णतेत घालवतं. पॉवर बँक हाताला कोमट लागते ती त्यामुळे. आता फोनकडे बघू. ५,००० एमएएच गुणिले त्याच्या बॅटरीचे ३.८५ व्होल्ट म्हणजे जवळपास १९ वॅट-अवर. पण फोनलाही आलेले व्होल्ट परत खाली आणून बॅटरीत भरावे लागतात, त्यात आणखी दहाएक टक्के जातात. म्हणजे फोन पूर्ण भरायला २१ ते २२ वॅट-अवर आत यावे लागतात. पॉवर बँकेतून बाहेर पडतात ३० ते ३२. भागाकार करा. दीड वेळा, किंवा त्याहून थोडं कमी.

हे सगळं गणित टाळायचं असेल तर पॉवर बँक उलटी करा. माझ्याकडच्या एकीवर पुढे ठळक अक्षरात १०,००० आहे. मागे, उजेडाकडे धरून वाचावं लागेल अशा बारीक टायपात लिहिलंय: ३.७ व्होल्ट, ३७ वॅट-अवर, रेटेड कपॅसिटी ५,८०० एमएएच, ५ व्होल्टला. विकत घेताना बघायचा आकडा हा ५,८००, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता. एकाच क्षमतेच्या दोन पॉवर बँका समोर असतील तर जिची रेटेड कपॅसिटी जास्त, तिचं सर्किट कमी ऊर्जा खातं. मात्र दोन्ही आकडे एकाच व्होल्टला दिलेत ना, तेवढं पाहून घ्या.

माझी स्वतःची गरज कशी मोजायची?

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. लोक विचारतात, फोन किती वेळा फुल होईल? पण बाहेर असताना फोन फुल करायची गरज कोणाला असते? गरज असते ती घरी पोचेपर्यंत जे कमी पडतं तेवढ्याचीच. मोजायची ती तूट.

तीन-चार दिवस एवढंच करा: घरातून निघताना किती टक्के होते, बॅटरी २० टक्क्यांच्या खाली किती वाजता गेली आणि परत प्लग किती वाजता मिळाला, हे लिहून ठेवा. समजा सकाळी ८ला १०० टक्क्यांनी निघालात, संध्याकाळी ५ला १५ टक्के उरले आणि घरी पोचायला ९ वाजणार आहेत. नऊ तासांत ८५ टक्के गेले, म्हणजे तासाला साडेनऊ टक्के. पुढच्या चार तासांना ३८ टक्के लागतील. हाताशी १५ आहेत. तूट २३ टक्क्यांची. फोन अगदी शून्यावर जाऊ नये म्हणून वर आणखी १५-२० टक्के धरा. म्हणजे ४० टक्के. १९ वॅट-अवरच्या बॅटरीचे ४० टक्के म्हणजे आठएक वॅट-अवर.

५,००० एमएएचच्या छोट्या पॉवर बँकेतूनही १५ वॅट-अवर बाहेर येतात. थोडक्यात, या माणसाची गरज अर्ध्या छोट्या पॉवर बँकेत भागते, आणि तो दुकानात २०,००० मागत असतो.

मग मी वर १०,००० का सांगितलं? कारण माणसं पॉवर बँक रोज रात्री आठवणीने चार्जिंगला लावत नाहीत. १०,०००ची असेल तर दोन-तीन दिवसांतून एकदा लावली तरी चालतं. शिवाय वर्षा-दोन वर्षांनी तिची क्षमता घटते, आणि शेजारी बसलेला कोणी ना कोणी केबल मागतोच. ही तिन्ही कारणं गणितात बसत नाहीत, पण रोज घडतात.

एक लक्षात ठेवा, मोजणी साध्या दिवसांची करू नका. ज्या दिवशी नकाशा लावून प्रवास असतो, हॉटस्पॉट चालू असतो, व्हिडिओ कॉल होतात किंवा सिग्नल कमजोर असतो, त्या दिवशी बॅटरी दुप्पट वेगाने उतरते. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरशी बोलायला जास्त ताकद लावतो, त्यामुळे तो खिशात नुसता पडून असला तरी संपतो. पॉवर बँक अशाच दिवसांसाठी असते.

५,०००ची कोणासाठी बरी?

लहान फोन असणाऱ्यांसाठी, आणि बॅग न घेता फिरणाऱ्यांसाठी. वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम, म्हणजे पॅन्टच्या खिशात चालून जातं. मात्र ती रोज भरावी लागते. ती सवय नसेल तर घेऊ नका.

आणि २०,०००ची?

ज्यांच्या बॅगेत आधीच लॅपटॉप आहे त्यांना तिचं ओझं जाणवत नाही. बाकीच्यांना जाणवतं. १०,०००ची पॉवर बँक १८० ते २५० ग्रॅमची, तर २०,०००ची ३५० ते ४५० ग्रॅमची असते. म्हणजे खिशात आणखी दोन फोन घालून फिरण्यासारखं. ट्रेकला जाणारे, दिवसभर बाहेर शूटिंग करणारे, तासनतास वीज जाते अशा ठिकाणी राहणारे, दोन फोन वापरणारे, यांनी खुशाल घ्यावी. फक्त ‘असावी एक मोठी’ म्हणून घेणार असाल तर माझ्या कपाटातली आठवा.

एमएएच आणि वॅट यात नेमका फरक काय? दोन्ही आकडे मोठेच हवेत का?

एमएएच किंवा वॅट-अवर सांगतात की साठा किती आहे. वॅट सांगतात की तो किती वेगाने बाहेर पडेल. फोनसाठी यूएसबी-सी पोर्ट आणि २० वॅटच्या आसपास वेग पुरेसा आहे. ६५ वॅटची पॉवर बँक घेतली म्हणून फोन तिप्पट वेगाने भरत नाही, कारण किती वॅट घ्यायचे ते फोन ठरवतो.

यात एक मेख आहे. बऱ्याच फोनच्या डब्यातला चार्जर ६७ किंवा ८० वॅटचा असतो, पण तो वेग त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने मिळतो. पॉवर बँकेला ती पद्धत येत नसेल तर तोच फोन १० ते १८ वॅटवर येतो. पॉवर बँक खराब नसते, दोघांची भाषा जुळत नाही इतकंच. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही बहुतेकांना येणारी भाषा. काही फोनना त्यातही पीपीएस, म्हणजे व्होल्ट बारीक पायऱ्यांनी बदलणारी पीडी लागते. आपल्या फोनला काय चालतं ते फोनच्या माहितीत बघा आणि तोच शब्द पॉवर बँकेच्या डब्यावर शोधा.

पोर्ट दोन-तीन असतील तर डब्यावरचे वॅट सहसा एकाच पोर्टचे असतात. दुसरी केबल खुपसली की दोघांत वाटणी होते, आणि पुष्कळ पॉवर बँकांत फास्ट चार्जिंग तिथेच बंद पडून दोन्ही पोर्ट साध्या ५ व्होल्टवर येतात. आणि खरं सांगायचं तर, फोन बॅगेत पॉवर बँकेला जोडून तासभर पडून राहणार असेल तर १८ वॅट काय आणि ३० वॅट काय!

लॅपटॉप चार्ज होईल का?

दोन अटींवर. लॅपटॉप यूएसबी-सीवरून चार्ज होणारा हवा आणि पॉवर बँकेतून त्याला पुरेसे वॅट मिळायला हवेत. हलक्या लॅपटॉपला ३० ते ४५ वॅट पुरतात, बाकीच्यांना ६५ धरून चला. १८-२० वॅटची पॉवर बँक लावली तर काही लॅपटॉप ती ओळखतच नाहीत, आणि काही घेतात पण वापर चालू असेल तर बॅटरी वर चढण्याऐवजी फक्त हळू उतरते.

आता साठ्याचं. लॅपटॉपची बॅटरी बहुधा ५० ते ७० वॅट-अवरची असते, नेमका आकडा त्याच्या तळाला किंवा माहितीपत्रकात असतो. २०,०००ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची. बाहेर येतात ६३ च्या आसपास, लॅपटॉपच्या बॅटरीत पोचतात ५६-५७. म्हणजे छोटा लॅपटॉप एकदा, मोठा साधारण ८० टक्के, तेही बंद ठेवून भरला तर. १०,०००च्या पॉवर बँकेतून लॅपटॉपला मिळतं ते अर्ध्या बॅटरीइतकं. एखादी मीटिंग निभावते.

केबलही पाहा. साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटपर्यंतच वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. २०२१ मध्ये पीडीची मर्यादा १०० वरून २४० वॅटपर्यंत वाढली, पण पॉवर बँकेच्या बाबतीत त्या टोकाचा विचार करायचं कारण नाही.

पॉवर बँक स्वतः भरायला किती वेळ लागतो?

खरेदी करताना हा आकडा कोणी विचारत नाही, आणि नंतर रोज तोच छळतो. डब्यावर ‘इनपुट’ म्हणून दिलेले वॅट बघा. १०,०००ची पॉवर बँक १० वॅटने चार ते साडेचार तासांत भरते, १८ वॅटने अडीच ते तीन तासांत. २०,००० ची १० वॅटने आठ-नऊ तास घेते, १८ वॅटने पाचएक तास. आणि खणातला जुन्या फोनचा ५ वॅटचा चार्जर तिला लावलात तर सतरा तास! रात्री अकराला लावली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत दिवे लुकलुकतच असतात. ‘माझी पॉवर बँक भरतच नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा हा चार्जरच असतो.

जिचं इनपुट अजूनही फक्त मायक्रो-यूएसबी आहे अशी पॉवर बँक आता घेऊ नये.

विमानात किती क्षमतेची चालते?

१०० वॅट-अवरपर्यंतची परवानगी न मागता नेता येते. १०० ते १६० मधली न्यायची तर विमान कंपनीची आधी मंजुरी लागते. १६० च्या वरची प्रवासी विमानात नेताच येत नाही. आणि कितीचीही असो, ती हातातल्या सामानातच हवी, चेक-इनच्या बॅगेत नाही. सामानाच्या कप्प्यात आग लागली तर कोणाला दिसणार नाही आणि विझवता येणार नाही, हे त्यामागचं कारण.

१०,००० म्हणजे ३७ वॅट-अवर आणि २०,००० म्हणजे ७४, दोन्ही निर्धास्त न्या. २७,००० ला ९९.९ होतात, म्हणून बाजारात २६,८०० किंवा २७,००० असे विचित्र आकडे दिसतात. ते या मर्यादेच्या आत बसवलेले असतात. ३०,००० ला १११ होतात, तिथे अडचण सुरू होते.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या किमहे विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात आग लागली आणि विमान जळालं. आग पॉवर बँकेतून लागली असावी, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर अनेक देशांनी आणि विमान कंपन्यांनी नियम आवळले. कुठे विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई आहे, कुठे ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही, कुठे एकच नेता येते. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ३सी हे प्रमाणचिन्ह स्पष्ट नसलेली पॉवर बँक चालत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचा नियम वाचा. आणि पॉवर बँकेवरची अक्षरं पुसली असतील तर ती घरी ठेवा. तपासणीवर क्षमता वाचता आली नाही की ती बहुधा तिथेच राहते.

खिशात मावणारी ५०,००० एमएएचची मिळतेय. घेऊ का?

नको. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

वजन कधी खोटं बोलत नाही. पॉवर बँकेत बऱ्याचदा १८६५० नावाचे गोल सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. चांगल्यातला चांगला सेल ३,५०० एमएएचच्या आसपास असतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम. ५०,००० साठी असे किमान पंधरा सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेसहाशे ग्रॅमच्या वर. चपटे पाउच सेल थोडे हलके पडतात, पण फार नाही. तेव्हा ५०,०००ची म्हणून हातात दिलेली वस्तू तीनशे ग्रॅमची असेल तर आत काय आहे ते उघडून बघायची गरज नाही. एका ओळखीच्याने हौसेने उघडली होती: दोन सेल, आणि वजन वाढवायला एक लोखंडी पट्टी.

इअरबड्स आणि घड्याळ लावलं की पॉवर बँक दोन मिनिटांत बंद होते. बिघडली का?

नाही. ही उपकरणं इतका कमी प्रवाह घेतात की पॉवर बँकेला वाटतं, काहीच जोडलेलं नाही. मग ती झोपते. बऱ्याच पॉवर बँकांत यासाठी कमी प्रवाहाचा मोड असतो. बटण दोनदा दाबलं किंवा काही सेकंद धरून ठेवलं की तो चालू होतो, नेमकं कसं ते पुस्तिकेत मिळेल. यांच्यासाठी क्षमतेचा विचार करू नका. इअरबड्सची डबी आणि घड्याळ मिळून तीन-चार वॅट-अवरपेक्षा फारसं जास्त घेत नाहीत.

वीज गेल्यावर वायफाय राउटर चालवता येईल?

येईल. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टचे असतात, त्यामुळे ५ चे १२ व्होल्ट करून देणारी केबल लागते. तिची पिन आणि व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरवर छापलेल्या आकड्यांशी जुळवूनच घ्या. राउटर ५ ते १० वॅट खातो. त्यानुसार २०,०००च्या पॉवर बँकेवर तो सहा ते अकरा तास निघतो, १०,०००च्या पॉवर बँकेवर तीन ते पाच. वीज गेल्यावर केबल बदलायला उठावं लागतं आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन परत सुरू होतो. ते चालत नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस वेगळा घ्या, तो याच कामासाठी बनवलेला असतो.

मागे चुंबकाने चिकटणारी वायरलेस घेऊ का?

सोय हवी असेल तर घ्या, पण क्षमतेत घट धरून चला. वायरलेसमध्ये ऊर्जा हवेतून, दोन कॉइलमधून जाते आणि बरीचशी उष्णतेत जाते. ५,०००ची वायरलेस पॉवर बँक ५,०००च्या फोनला ५०-६० टक्क्यांच्या पुढे क्वचित नेते. उन्हात फोन तापला की तो चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करतो. अशा बहुतेक पॉवर बँकांना केबलचा पोर्टही असतो, घाईच्या वेळी तो वापरा.

सोलर पॅनेल असलेली?

तळहाताएवढं पॅनेल कडक उन्हात एक-दीड वॅट देतं. ३७ वॅट-अवर भरायला लागणारे ऊन तुम्हीच मोजा, पंचवीस तासांच्या खाली येणार नाही. आणि तोपर्यंत लिथियम बॅटरी उन्हात भाजत पडलेली असते. ते पॅनेल म्हणजे शोभा.

लिथियम-पॉलिमर, एलएफपी, सोडियम... कोणती बॅटरी निवडू?

लिथियम-आयन आणि पॉलिमर यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने फार फरक नाही, पॉलिमरची पॉवर बँक चपटी असते इतकंच. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ती जास्त वर्षं टिकते आणि सहजासहजी पेट घेत नाही, पण त्याच ऊर्जेसाठी जड होते. तिचा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून तिथे १०,००० एमएएच म्हणजे ३७ नाही, ३२ वॅट-अवर. सोडियम-आयन पॉवर बँकाही आता आल्या आहेत. त्यांचं गणितही असंच वेगळं पडतं, म्हणून तुलना एमएएचने न करता वॅट-अवरनेच करा.

किती वर्षं टिकते?

साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की क्षमता मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत येते. रोज न वापरणाऱ्याची पॉवर बँक वापराने मरत नाही. ती उन्हाने आणि दुर्लक्षाने मरते. बंद गाडीत उन्हात ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्धी भरून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. कडाक्याच्या थंडीत ती कमी चालते, तिथे ती जॅकेटच्या आतल्या खिशात असावी. शून्य अंशाखाली तिला चार्जिंगला लावू नये.

माझी थोडी फुगल्यासारखी दिसतेय.

आत्ताच वापर थांबवा. चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू नका. कागद-कपड्यांपासून दूर, न पेटणाऱ्या जागेवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे सांगून द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. नामांकित कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०२५ मध्ये लाखो पॉवर बँका कंपन्यांनी स्वतः परत मागवल्या. आपला मॉडेल क्रमांक त्या यादीत आहे का, हे कंपनीच्या साइटवर पाहायला दोन मिनिटं लागतात.

घरात चौघं आहोत. सगळ्यांसाठी एक मोठी घ्यावी का?

एक मोठी घेतलीत तर ती ज्याच्या बॅगेत आहे तो एका गावाला आणि ज्याचा फोन संपलाय तो दुसऱ्या गावाला. १०,०००च्या दोन घ्या. एक भरत असताना दुसरी बाहेर असते.

नवी आणलीय. क्षमता बरोबर आहे का, हे घरी कसं तपासू?

यूएसबी मीटर (पोर्टमधून किती ऊर्जा बाहेर पडली ते मोजणारं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर फोन पुरे. पॉवर बँक पूर्ण भरा. फोन २० टक्क्यांवर आला की विमान मोडवर टाकून, स्क्रीन बंद ठेवून तिला जोडा आणि १०० पर्यंत जाऊ द्या. ८० टक्के झाले. मग फोन नेहमीसारखा वापरून परत खाली आणा आणि पॉवर बँक संपेपर्यंत पुन्हा जोडा. चढलेले सगळे टक्के मिळवा. ५,०००च्या फोनला १०,०००च्या पॉवर बँकेतून १३० ते १५० टक्के मिळाले तर ती ठणठणीत आहे. शंभरच्या आत आले तर परत करा, आणि बॉक्स फेकू नका. फोन जुना असेल तर त्याची स्वतःची बॅटरीही घटलेली असते, त्यामुळे टक्के फुगून दिसतात. शक्यतो नव्या फोनवर तपासा.

५,८०० वाली माझी पॉवर बँक नवी असताना १३५ टक्के द्यायची. तीन वर्षांनी, परवा, मुद्दाम पुन्हा मोजली: १०५. अजून संध्याकाळ निघते.